किटकॅट कुणाच्या खिशात

संपादकांच्या पत्रात विषय दिला होता, 'तंत्रज्ञानाची गरुडझेप आणि ग्रामीण जीवन'. गरुडझेपेबद्दल मला काही माहिती नाही. मी तेवीस वर्षं नंदुरबारच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या दोन शेडपैकी कमी तापणाऱ्या शेडमध्ये बसून, विहिरीवरच्या मोटरी चालू आणि बंद करणाऱ्या खोक्यांचे प्रोग्राम लिहिले. एवढ्या वर्षांत माझ्यापुढे खरा प्रश्न एकच होता: मोटर बंद आहे का? त्याचं उत्तर मी एकदा चुकीचं दिलं आणि त्यात सलीमभाईंची दोन बोटं गेली. हा लेख त्याबद्दल आहे. मध्ये कुठे गरुड आलाच तर तो योगायोग समजावा.

आधी खोकं काय करतं ते सांगतो. आमच्याकडे शेतीला थ्री फेज वीज दिवसातले काही तास येते. ती कधी येणार हे एका कागदावर लिहिलेलं असतं. कागद आणि वीज यांचे संबंध औपचारिक आहेत. वीज आली की कुणीतरी विहिरीवर जाऊन स्टार्टरचं हिरवं बटण दाबायला हवं, आणि घर ते विहीर अंतर दोन किलोमीटर. आमचं खोकं स्टार्टरशेजारी बसतं, त्यात मोबाईलचं सिम असतं, आणि वीज आली की दोनेक मिनिटं थांबून ते मोटर आपोआप चालू करतं. थांबायचं एवढ्याचसाठी, की एका डीपीवरच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदम उठल्या तर डीपीच उठून जातो. शेतकऱ्याला मोटर स्वतः चालवायची असेल तर त्याने खोक्याला एक मिस्ड कॉल द्यायचा. पुन्हा एक दिला की बंद. लागोपाठ दोन दिले की कुलूप: म्हणजे वीज येवो, कुणाचाही कॉल येवो, मोटर उठणार नाही. कुलूप लागलं की खोकं उलट एक मिस्ड कॉल देतं. या भागात लोक मिस्ड कॉलवर पाहुण्यांना जेवायला बोलावतात. मोटरीला शिकवायला काही लागलं नाही.

पहिल्या आवृत्तीत खोकं कुणाच्याही कॉलवर चालायचं. अक्कलकुव्याकडच्या एका शेतकऱ्याची मोटर रोज सकाळी अकराच्या सुमारास उठायची. त्याचा आधी शेजाऱ्यावर संशय होता, मग सासुरवाडीवर. मी तिथे दोन दिवस मोटरीजवळ बसून राहिलो. खोक्यातल्या सिमला रोज एक बाई कुठल्यातरी मोठ्या शहरातून कर्ज घेण्याबद्दल विचारायला फोन करत होती. कुणी उचलत नाही म्हणून ती चिकाटी सोडत नव्हती. तिच्या कष्टांवर त्या वर्षी त्याची पपई बुडाली. नंतर आम्ही फक्त नोंदवलेले दोनच नंबर चालतील असं केलं. शेतकरी मला म्हणाला, "ती बाईले सांगी द्या, आते फोन करू नको म्हनं, पानी व्हयी गयं."

हे गमतीचं झालं. आता सलीमभाई.

सलीमभाई म्हणजे नंदुरबारातले मोटर रिवायंडिंगवाले. जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, हा त्यांचा धंदा, बापाच्या वेळचा. शिवाय पंप बिघडला तर विहिरीत उतरून तिथल्या तिथे दुरुस्त करायचा. कंपनीने आमची खोकी बसवायचं कामही त्यांनाच दिलं होतं. ते मला 'साहेब' म्हणत. तो शब्द ते शिवीसारखा उच्चारत नसत, पण सलामासारखाही नाही.

विहिरीत उतरण्याची त्यांची एक रीत होती, आणि ती त्यांची एकट्याची नाही, या पट्ट्यातल्या सगळ्या जुन्या पंपवाल्यांची. स्टार्टरच्या आधी बोर्डावर चिनीमातीचे तीन पांढरे फ्यूज असतात. त्यांना सगळे किटकॅट म्हणतात. चॉकलेटाशी संबंध नाही. जो माणूस विहिरीत उतरणार, तो ते तिन्ही किटकॅट स्वतःच्या हाताने उपटतो आणि स्वतःच्या खिशात घालून खाली जातो. मालकाकडे देत नाही, बोर्डावर ठेवत नाही, कठड्यावर तर नाहीच. त्याच्या जागी दुसरा उतरणार असेल तर या खिशातून त्या खिशात, हातोहात. जोवर किटकॅट खिशात आहेत, तोवर मुख्यमंत्र्यांनाही ती मोटर चालू करता येत नाही.

तापीकाठच्या एका गावात, कोरीटकडे जाताना लागतं ते, मगनदादा आणि रमणभाई या दोन गुजर भावांच्या सामाईक विहिरीवर मी त्यांना हे करताना पाहिलं. दोन्ही भावांची केळी, विहीर एक, पाण्याची पाळी शेडच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली. आमचं नवं खोकं नुकतंच लावलं होतं आणि सलीमभाई सवयीने किटकॅट काढत होते.

"हे कशाला?" मी म्हणालो. "दोन मिस्ड कॉल द्या, कुलूप लागतं. किटकॅट काढून काढून त्यांची पकड ढिली होते, मग ठिणग्या, मग मोटर जळते."

"मोटर जयनी तं मन्हाच धंदा शे," सलीमभाई म्हणाले.

"पण खोक्यात कुलूप आहे ना."

"साहेब, तुम्हनं कुलूप माले दिसत नही. हाई दिसस." आणि त्यांनी खिसा वाजवून दाखवला.

मी त्यांना दहा मिनिटं समजावलं. मी ते चांगलं समजावलं, हेच वाईट. शिवाय खोक्याबरोबर जे माहितीपत्रक जायचं ते मीच लिहायचो, आणि त्यात एक ओळ होती: 'दुरुस्तीच्या वेळी फ्यूज काढण्याची आवश्यकता नाही.' आमच्या संचालकांना ती ओळ इतकी आवडली की त्यांनी ती लाल रंगात छापून घेतली.

सहा-सात महिन्यांनी त्याच विहिरीवर पंप गळू लागला. पंपाच्या दांड्याभोवती ग्लँडची दोरी असते, ती झिजली की पाणी उडतं. सलीमभाई दुपारी तीनच्या सुमाराला खाली उतरले. विहिरीत, पाण्याच्या जरा वर एक ओटा आहे, त्यावर मोटर आणि पंप शेजारी बसवलेत, मध्ये दोघांना जोडणारं कपलिंग. वीज नव्हती. कागदाप्रमाणे ती संध्याकाळी सहाला यायची होती. किटकॅट त्यांनी काढले नाहीत. का, ते त्यांनी मला नंतर सांगितलं: "तुम्ही इतलं समजाडं व्हतं."

वीज सव्वातीनलाच आली. खोक्यावरचा दिवा लागला. वर मगनदादा फोन घेऊनच उभे होते. त्यांनी खाली ओरडून सांगितलं, "सलीमभाई, लाइट उनी, हात काढा," आणि लगेच लागोपाठ दोन मिस्ड कॉल दिले. खोक्याचा उलट कॉल आला. मगनदादांनी खाली सांगितलं, "कुलूप लागनं, करा आते." सलीमभाईंनी हात पुन्हा घातला. दीड-दोन मिनिटांनी मोटर उठली.

उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली. तार गुंडाळणाऱ्या माणसाला नेमकी तीच लागतात.

आता कुलूप मगनदादांनी लावलं, हे खरं. उलट कॉल आला, हेही खरं; तो त्यांच्या फोनात दिसत होता. मग मोटर कुणी चालू केली? नोंदवलेले नंबर दोन. एक मगनदादांचा, दुसरा धाकट्या रमणभाईंचा. त्या आठवड्यात पाण्याच्या पाळीवरून दोघांत कुरबुर झालेली होती. गावाने हिशेब दोन मिनिटांत केला. रमणभाईंनी स्वतःचा फोन सगळ्यांना दाखवला, त्यात त्या वेळचा कॉल नव्हता. गाव म्हणालं, कॉल पुसता येतो.

सलीमभाईंनी तक्रार केली नाही. तरी कंपनीने चौकशी समिती नेमली. समितीत संचालक, संचालकांचा भाचा आणि मी. खोकं परत आणलं, टेबलावर ठेवलं, वीज दिली, कुलूप लावलं, मोटर उठली नाही. असं चाळीस वेळा केलं. चाळीसही वेळा खोकं शहाण्यासारखं वागलं. समितीने लिहिलं: उपकरणात कोणताही दोष नाही, घटना वापरकर्त्यांमधील समन्वयाच्या अभावामुळे घडली. खाली तीन सह्या. तांत्रिक बाबींसाठी त्यातली एकच सही महत्त्वाची होती, आणि ती माझी होती.

त्या कागदाची प्रत गावात गेली आणि चावडीवर वाचली गेली. 'समन्वयाचा अभाव' याचा अर्थ गावाने रमणभाई असा लावला. मोठ्या भावाने त्यांच्याशी बोलणं टाकलं.

मला ते चाळीस वेळा पटले नव्हते. पण सही करताना न पटणं हे कारण मला पुरेसं वाटलं नाही. सही केल्यावर वाटायला लागलं. मी जेवणाच्या सुट्टीत आणि रविवारी त्या खोक्यामागे लागलो. टेबलावर वीज स्वच्छ येते, तशी ती शेतात येत नाही. शेतात ती येते, जाते, पुन्हा येते, एक फेज लंगडतो, आणि मग काही सेकंदांनी स्थिर होते. मी एक यंत्र लावून तशी लंगडी वीज खोक्याला दिली आणि दुसऱ्या यंत्राने त्याच सेकंदांत कुलपाचे कॉल सुरू केले. हजारदा कुलूप नीट लागलं. मग एकदा उलट कॉल आला, आणि दोन मिनिटांनी टेबलावरची छोटी मोटर शांतपणे फिरायला लागली. अकरावा दिवस होता. मी डबा तसाच ठेवला.

मी संचालकांना सांगितलं. ते म्हणाले, "हजारात एकदा? म्हणजे नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर."

मी म्हणालो, "एकशे बारा विहिरी आहेत. रोज वीज येते. आणि लोक कुलूप कधी लावतात? वीज आलेली दिसली, खाली माणूस आहे हे आठवलं, की त्याच सेकंदाला. चूक जिथे आहे नेमक्या तिथेच बोट ठेवतात."

बोट हा शब्द मी मुद्दाम वापरला नव्हता. पण त्यानंतर त्यांनी टक्के काढले नाहीत.

मी त्या गावी गेलो, सलीमभाईंना बरोबर घेऊन. त्यांचा हात अजून पट्टीत होता. वाटेत मी त्यांना एवढंच म्हणालो, की मला काही सांगायचंय आणि ते मी एकदाच सांगू शकेन, तर सगळ्यांसमोर सांगतो. ते म्हणाले, "तुम्हना चेहरा सांगी ऱ्हायना, तरी पन सांगा."

मगनदादांच्या ओट्यावर मगनदादा बसले. रमणभाईंना मी बोलावलं, ते अंगणातच उभे राहिले. मी म्हणालो, मोटर कुणीही चालू केली नाही. मी केली. आणि दोष नाही म्हणून जो कागद वाचला, त्यावर सही माझी आहे.

मग मी मगनदादांच्या नातीची पाटी मागून घेतली आणि तिच्यावर आठ घरं आखली. खोक्यात नखाएवढी चिप असते, मी सांगितलं, आणि तिच्यात काम करणारा गडी एकच. तो गोल फिरत असतो: वीज आली का, दाब बरोबर आहे का, विहिरीत पाणी आहे का, पुन्हा वीज आली का. फोन वाजला की हातातलं काम जिथल्या तिथे सोडून तो फोन घेतो, आणि फोन झाला की जिथे होता तिथूनच पुढे लागतो. मध्ये काही घडलं हे त्याला ठाऊक नसतं. ही पाटी म्हणजे त्याची आठवण. या घरात 'वीज आली', त्या घरात 'कुलूप'. चिपची खोड अशी, की एक घर बदलायचं तर आख्खी पाटी उचलून डोक्यात घ्यायची, तिथे ते घर बदलायचं, आणि आख्खी पाटी परत लिहायची.

"मी वीज लिहायला घेतो," मी म्हणालो, पाटीकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटले. "रमणभाई, आता फोन आलाय. तुम्ही कुलूप लिहा."

रमणभाई ओट्याशी आले, खडू घेऊन त्यांनी कुलपाच्या घरात फुली मारली.

"आता मगनदादांना उलट कॉल गेला, कुलूप लागलं म्हणून. फोन संपला. मी माझं काम पुढे चालू करतो." मी डोळे उघडले, फडक्याने सगळी पाटी पुसली आणि मघाशी पाहिली होती तशी, फक्त विजेच्या घरात फुली असलेली, पुन्हा लिहून काढली.

मग रमणभाई म्हणाले, "म्हंजे मी लिखं, आनि तुम्ही पुसं."

"हो."

"आनि तुम्हले माहीतबी नही, की पुसं."

"नाही."

"तुम्ही पह्यलेच ईचारतात, पाटी कोना हातमा शे म्हनीसन, तं?"

"तर झालं नसतं."

मगनदादांनी पाटी ओट्याच्या कडेला सरकवली. माफी मागायची त्यांच्या घरात रीत नसावी, आमच्याही नाही. ते धाकट्याकडे न बघता म्हणाले, "सकाय पानीनी पाळी कोनी शे?"

"तुम्हनी," रमणभाई म्हणाले.

"तू ले पह्यले. मन्ही केळीले घाई नही."

रमणभाई पाटी धुवायला आत घेऊन गेले. परत येताना मोटरसायकलवर मागे बसून सलीमभाई म्हणाले, "साहेब, मी तुम्हले गाळी देवाव व्हतू. पन तुम्ही पाटी काढी, मंग ऱ्हाई गयं." थोड्या वेळाने म्हणाले, "आते बाकीना एकशे अकरानं काय?"

तीच माझीही काळजी होती. दुरुस्तीचं म्हणाल तर ती दोन ओळींची होती: पाटी उचलण्याआधी फोन बंद करायचा, लिहून झाली की चालू करायचा. क्षणाचा लाखावा भाग. तेवढ्यात कुणाचा कॉल चुकत नाही. संचालक म्हणाले, "मग दोन ओळी घाला." मी घातल्या, आणि मग बाकीचा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून वाचायला बसलो. तशाच आणखी दोन जागा सापडल्या. एका जागी मीच पूर्वी शेरा लिहून ठेवला होता: 'इथे काही होणार नाही.'

मी ज्या भाषेत लिहीत होतो तिचं नाव सी. ती जुनी आणि सभ्य भाषा आहे. ती माणसाला प्रौढ समजते. विहिरीत उतरताय? उतरा. किटकॅट काढले का, असं विचारणं तिला आगाऊपणाचं वाटतं. वीस वर्षं मला तिचा हाच गुण वाटत आला होता. मी ठरवलं की आता माझ्यासारख्या माणसाने अविश्वास दाखवणाऱ्या भाषेत लिहावं. तशी एक भाषा तरुण लोक वापरत होते, रस्ट नावाची. रस्ट म्हणजे गंज. पंपवाल्यांमध्ये हे नाव घ्यायला जड जातं, पण नावं ठेवणाऱ्यांनी विहिरी पाहिलेल्या नसतात.

या भाषेचा कायदा असा: कुठल्याही गोष्टीला एका वेळी धनी एक. ती दुसऱ्याला दिली की आपल्याकडे राहत नाही. नुसती बघायला कितीही जणांना मिळेल, पण बदलायची असेल तर एकालाच, आणि तो बदलत असताना बघणारासुद्धा कुणी नको. गोल फिरणारा गडी आणि फोन घेणारा गडी यांना पाटी सामाईक हवी असेल, तर ती कुलपाच्या पेटीत ठेवायची, आणि किल्ली हातात असल्याशिवाय पेटी उघडता येणार नाही. हे तुम्ही पाळता की नाही, ते प्रोग्राम चिपमध्ये जाण्याआधीच तपासलं जातं. तपासणारा, ज्याला कंपायलर म्हणतात, तो नाही म्हणाला की नाही. त्याला सही चालत नाही.

तीन आठवडे तो मला नाही म्हणत होता. मी सत्तावन्न वर्षांचा, कंपनीतला सर्वांत अनुभवी माणूस, आणि पडद्यावर लाल ओळी अशा, जशा शाळेत पहिल्यांदा निबंध लिहिला तेव्हा होत्या. एका दुपारी सलीमभाई आले. पट्टी निघाली होती. खुर्ची ओढून ते शेजारी बसले.

"काय म्हनस तो?"

"म्हणतोय, पाटी दोघांच्या हातात एकदम देता येणार नाही."

"आनि तुम्ही काय म्हनतस?"

"मी म्हणतोय, दे."

सलीमभाई बराच वेळ त्या लाल ओळींकडे आदराने बघत राहिले. एवढ्या आदराने त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. "याले किटकॅट माहीत शे," ते म्हणाले. "ईचारी ऱ्हायना, कोना खिसामा शेतस म्हनीसन. आम्ही बी हाईच ईचारतस."

मी पुस्तकं वाचून तीन आठवड्यांत जे समजून घेत होतो, ते असं होतं. त्यानंतर मला ती भाषा बरीच लवकर आली. अडलं की मी स्वतःला विचारायचो: या क्षणी किटकॅट कुणाच्या खिशात? उत्तर 'कठड्यावर' आलं, की चूक तिथेच असायची.

संचालकांना मात्र ती भाषा आवडली नाही. त्यांचं म्हणणं गैर नव्हतं. नव्या खोक्यात नवं काय, असं गिऱ्हाईक विचारणार, आणि मी सांगणार, काही घडत नाही. जे घडत नाही त्याची जाहिरात करता येत नाही. शेवटी त्यांनी खोक्यावर 'कृत्रिम बुद्धिमत्तायुक्त' असा चिकटपट्टीचा शिक्का लावला आणि जुनी खोकी बदलण्याच्या कामाला 'मोफत सेवा अभियान' असं नाव दिलं. अभियानाच्या टोप्या आल्या. नारळ फुटला. बोलावलेल्या पाहुण्यांनी फोन लावून मोटर चालू करायची होती, वीज गेली. पाहुण्यांनी भाषण केलं. वीज आली आणि खोक्याने दोन मिनिटं थांबून भाषणाच्या मध्येच मोटर आपली आपण चालू केली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी एवढंच एक प्रोग्रामप्रमाणे झालं.

एकशे अकरा विहिरींवर मी आणि सलीमभाई गेलो. अडीच महिने लागले. पोचेपर्यंत प्रत्येकाला फोन करून सांगितलं होतं: कुलपावर विसंबू नका, किटकॅट काढा. तरी एका ठिकाणी माणूस खाली होता आणि किटकॅट बोर्डावर. आमचं लाल अक्षरांतलं पत्रक त्याने शेडच्या दाराला चिकटवलेलं होतं. ते मी नखाने खरवडून काढलं. प्रत्येक गावात माझी ओळख सलीमभाई करून देत. अभियानाची टोपी घातलेली, उजवा हात पुढे केलेला. "हाऊ तो माणूस, ज्यानी मन्हा दोन बोटं लिधात. आते तुम्हना वाचाडाले येल शे. चहा ठेवा." चहा सगळीकडे मिळाला. सलीमभाईंच्या दुकानात तार आता त्यांच्या पत्नी रशीदाभाभी गुंडाळतात. त्यांचा हात जास्त साफ आहे असं सलीमभाई स्वतः सांगतात. पण तार गुंडाळायला घेतली की ते दुकानाबाहेर येऊन बसतात, हेही मी पाहिलं आहे.

पत्रकातली लाल ओळ मी बदलली: 'विहिरीत उतरण्याआधी किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवा.' ती दोनदा छपाईत गाळली गेली. उपकरणाबद्दल शंका निर्माण होते म्हणे. म्हणून ती मी खोक्याच्या दोन ओळींच्या पडद्यावर घातली. कुलूप लागलं की आधी तेच दिसतं. ते काढायचं तर प्रोग्राम बदलावा लागेल, आणि तो बदलायला कंपायलरशी बोलावं लागेल. संचालकांनी अजून प्रयत्न केलेला नाही.

एकशे बारावी विहीर शेवटी ठेवली होती, दोघा भावांची. नवं खोकं लावलं. मग सलीमभाई म्हणाले, ग्लँडची दोरी त्या दिवसापासून अर्धीच बसलेली आहे. त्यांच्या हाताला आता ती दाबून बसवता येत नव्हती. रमणभाई म्हणाले, मी उतरतो. मी म्हणालो, नाही, मी. तेवीस वर्षं विहिरींसाठी लिहिलं, पण एकदाही उतरलो नव्हतो.

वीज होती. दिवा लागलेला होता. मी शिडीच्या पहिल्या पायरीवर उभा राहिलो. मगनदादांनी दोन मिस्ड कॉल दिले. त्यांचा फोन वाजला.

"कुलूप लागनं," मगनदादा म्हणाले.

मी खाली पाहिलं. ओटा, मोटर, कपलिंग. पाणी बरंच खाली होतं. मग मी वर पाहिलं.

"सलीमभाई, किटकॅट?"

"कसाले? तुम्हनी भाषा शे ना."

"भाषा चिपमध्ये आहे. स्टार्टरमधला वीज जोडणारा कॉन्टॅक्टर चिकटला तर भाषा काय करणार? आत पाल गेली तर?"

"मी हाईच म्हनत व्हतू," सलीमभाई म्हणाले, "तवय तुम्ही दहा मिनिट समजाडं व्हतं." आणि त्यांनी डाव्या हाताने सदऱ्याच्या खिशातून तिन्ही किटकॅट काढले. ते त्यांनी मी शिडीकडे निघालो तेव्हाच उपटून ठेवले असणार; खोक्याची तार किटकॅटच्या आधी जोडलेली असते, म्हणून दिवा लागलेलाच राहिला. उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी धरून, एकेक करून, त्यांनी ते माझ्या हातात दिले. कठड्यावर ठेवले नाहीत.

मी ते खिशात घातले, वरून चाचपून पाहिले आणि खाली उतरलो. नव्या प्रोग्रामवर माझा पूर्ण विश्वास आहे.